दवंडीतलं एक वाक्य

आबा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे माझं प्रत्येक पत्र तुमच्याकडे दुसऱ्याच्या तोंडून यायचं. नगरच्या वसतिगृहातून मी पोस्टकार्ड टाकायची आणि ते शाळेचे गुरुजी, नाहीतर तलाठी भाऊसाहेब, तुम्हाला चावडीत वाचून दाखवायचे. हे ठाऊक असल्यामुळे मी कार्डावर चारचौघांत वाचण्यासारखंच लिहायची. मी खुशाल आहे, अभ्यास ठीक चालला आहे, आईला म्हणावं खोकल्याचं औषध अर्ध्यात सोडू नको. तुम्ही घरी येऊन आईला ते कार्ड शब्दन्‌शब्द म्हणून दाखवायचात, अगदी शेवटच्या 'कळावे' सकट, आणि आई चुलीपुढून म्हणायची, "कळलं." आज तुम्हाला जाऊन पन्नासेक वर्षं होत आली. ते गुरुजी गेले, भाऊसाहेबही गेले. आता मधे कुणी उरलं नाही, म्हणून पहिल्यांदाच तुम्हाला मोकळेपणानं लिहायला बसले आहे. बघू किती जमतं ते.

निमित्त साधंच झालं. गेल्या आठवड्यात शेजारची नात कॉलेजचा फॉर्म घेऊन आली. म्हणाली, "आजी, बी.ए.ला समाजशास्त्र घेऊ का? तुम्ही शिकवायचात ना? ते घेतलं की पुढं काय होता येतं?" मी चष्मा पुसला, फॉर्म चाळला, तिला चहा विचारला. तीस वर्षं हा विषय शिकवून मला त्या पोरीला धड उत्तर देता येईना. कारण हा प्रश्न तिच्या आधी तुम्ही विचारला होता, आणि तुम्हालाही मी उत्तर दिलेलं नाही.

तुम्ही गावचे कोतवाल होतात. काष्टीच्या पुढं, जिथं गाडी थांबवायला हात करावा लागायचा, त्या आपल्या गावाला सरकारचं म्हणणं जे काही पोचायचं ते तुमच्या हलगीतून. भाऊसाहेब हुकूम दोनदा वाचायचे. तुम्ही भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायचात, आणि दुसऱ्या खेपेला तुमचे ओठ त्यांच्याबरोबर हलायचे. मग हलगी घेऊन निघायचात. चावडी, मारुती, वेस, माळवाडी. तुम्ही हुकमातला एक शब्द कधी इकडचा तिकडे केला नाही. कागदात 'सबब' असेल तर दवंडीतही 'सबब' यायचं, मग ते गावाला कळो न कळो. कुणी म्हटलं, "कोतवाल, जरा सोपं करून सांगा की," तर तुमचं उत्तर ठरलेलं असायचं. "माजं काय हाय त्यात? मी आपला पोचवनारा." गावात भांडणं होती, तट होते, पण तुमच्या दवंडीवर कुणी शंका घेतली नाही. कोतवाल बोलला म्हणजे कागद बोलला. आणि एक सवय तुमची मला फार आवडायची. आपल्या घरापुढून जाताना तुम्ही हलगीवर पंजा ठेवून मुकाट जायचात. घरच्यांना ओरडून काय सांगायचं, म्हणायचात. आम्हाला सगळ्या गावानंतर, जेवताना, हळू आवाजात कळायचं.

मला कॉलेजात घातलंत ते भाऊसाहेबांच्या सांगण्यावरून. मॅट्रिकला बरे मार्क होते, फी माफ होत होती, वसतिगृहात जागा होती. पण तिथं गेल्यावर विषय कोणता घ्यायचा हे सांगायला कुणी नव्हतं. आमच्या वसतिगृहात मुली म्हणायच्या, अर्थशास्त्र घेतलं तर बँक, इंग्रजी घेतलं तर मास्तरीण, आणि समाजशास्त्र घेतलं तर लग्न. मी ते घेतलं ते एका तासामुळे. नवे सर आले, त्यांनी हजेरीही घेतली नाही. म्हणाले, तुमच्या गावात विहिरीवर पहिलं पाणी कोण भरतं आणि शेवटचं कोण भरतं, सांगा. शहरातल्या मुली एकमेकींकडे पाहायला लागल्या. मला उत्तर येत होतं. शेवटचं आपण भरत होतो. तोवर ती गोष्ट मला ऊन-पावसासारखी वाटायची, असतं ते असतं. कुणी तिला प्रश्न म्हणून विचारू शकतं, त्यावर पुस्तकं असतात, परीक्षा असते, हे मला खरंच वाटेना. मी उभी राहून सांगितलं. सर म्हणाले, बसा, तुम्ही अर्धा अभ्यासक्रम घरूनच करून आला आहात. आबा, मला आयुष्यात कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. मी त्याच दिवशी ऑफिसात जाऊन विषय लिहून दिला.

सुट्टीत घरी आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "हे शिकल्यावर मानूस कोन हुतं?" डॉक्टरी शिकला तर डॉक्टर, नर्सिंग शिकली तर नर्स, हे तुम्हाला ठाऊक होतं. मी म्हटलं, "यात समाजाचा अभ्यास करतात." तुम्ही बराच वेळ तंबाखू मळत राहिलात. मग म्हणालात, "बरं. मंग त्यो सांगायचा कुनाला?" मी हसले. आता हसू येत नाही. पदवीच्या तीन वर्षांत आणि नंतर एवढ्या वर्षांत यापेक्षा नेमका प्रश्न मला कुणी विचारला नाही.

तिसऱ्या वर्षी पाहणीचा पेपर होता. एखादं गाव घ्यायचं, घरोघर जाऊन छापील प्रश्नावली भरायची, तक्ते करायचे, अहवाल लिहायचा. त्याचे मार्क मोठे होते आणि माझा वर्ग त्यावर अवलंबून होता. ते साल बाहत्तरचं, दुष्काळाचं. सरांनी आपलं गाव निवडलं, कारण मी तिथली होते. दिवाळीच्या सुट्टीत सर आणि आम्ही सहा जण तीन दिवस शाळेत मुक्कामाला येणार असं ठरलं. मी चार दिवस आधी घरी आले. तुम्ही माझ्यासाठी एक फळी करून ठेवली होती. सुताराकडून जुन्या खोक्याची घासून घेतलेली, आणि वर भाऊसाहेबांच्या मोडक्या पॅडचा लोखंडी चिमटा ठोकलेला. "कागद हलायला नगंत," म्हणालात. ती फळी हातात धरून मी ओट्यावर उभी राहिले तर आई म्हणाली, "आगं बाई, सरकारी मानूसच दिसायला लागली." आम्ही तिघं त्यावर हसलो. ती फळी अजून माझ्याकडे आहे. चिमटा गंजला आहे, पण कागद धरतो.

दवंडीचं मी सुचवलं नव्हतं, हे तेवढं खरं आहे. तुम्हीच म्हणालात, "पावनं यायचं, आन गावात कुनी घावायचं न्हाई. मी दवंडी देतो." भाऊसाहेब त्या दिवसांत टंचाईच्या बैठकांना श्रीगोंद्याला असायचे. चावडीला कुलूप होतं. तुम्ही सकाळी चुलीच्या धगीवर हलगी तापवायला बसलात. आई लाल मिलोच्या भाकरी थापत होती. तो परदेशी दाणा चिकटत नसे, भाकरी तव्यावर टाकतानाच फाटायची, आणि तुमच्या हलगीमुळे तिला जाळ पुढं ओढता येईना, म्हणून ती कुरकुरत होती. इथं मी थोडं गाळते आहे. तुम्हाला कळेल काय ते. शेवटपर्यंत धीर झाला तर लिहीन.

दवंडी झाली ती मी घरातून ऐकली. "ऐका हो ऐका. उद्याच्याला सकाळी गावात मानसं येनार हायेत. घरटी नावं लिवून घेनार हायेत. कुनी घर सोडून जाऊ नये, कुनाचं नाव ऱ्हाऊ नये हो." मग आपल्या घरापुढं पंजा ठेवलेली, मुकी हलगी.

दुसऱ्या दिवशी सर आले आणि गाव बघून चकित झाले. प्रत्येक दारात माणसं. तोंडं धुतलेली, बायकांनी डोईवरचे पदर नीट केलेले, सतरंजी असेल त्यानं सतरंजी टाकलेली. ओढ्यात झरे उकरून वाटी-वाटीनं पाणी भरणारं गाव, त्यानं आम्हाला प्यायला तांब्या पुढं केला. आम्ही विचारायचो, घरात माणसं किती, कमावती किती, जमीन किती, जनावरं किती. लोक सगळं सांगायचे, वर न विचारलेलंही सांगायचे. एक जण म्हणाला, बैल लिहा दोन, आता न्हाईत, काष्टीच्या बाजारात दिलं, पण लिहा. एकीनं पुण्याला गेलेल्या मुलाचं नाव घातलं, उद्या परत आला तर कामाला येईल म्हणून. ते 'कामाला' मी ऐकलं, आबा. प्रश्नावलीत कामाचा रकाना होता, त्यात मी ते घालून पुढं गेले.

वेशीजवळच्या आत्या तुम्हाला आठवतात. सगळं गावच त्यांना आत्या म्हणायचं. नवरा नाही, मुलगा नाही, एक विधवा सून आणि दोन शेळ्या. त्यांनी आपलं नाव सांगितलं, सुनेचं सांगितलं, आणि म्हणाल्या, "आंगठा कुठं लावू?" मी म्हटलं, "आत्या, अंगठा लागत नाही यात." त्या हसल्या. "लागत न्हाई कसा? आंगठ्याबिगर सरकारचं काय चालतंय व्हय? लावून घे, पोरी, मागनं घोळ नगं." त्यांनी हात पुढं केला. कोपरापर्यंत धूळ, बोटं चिरलेली. सर दोन घरं पुढं होते. मी पेनातली शाई बोटानं त्यांच्या अंगठ्याला लावली आणि कागदाच्या कोपऱ्यात, जिथं काहीच छापलेलं नव्हतं, तिथं तो उमटवून घेतला. आत्यांनी तो नीट उमटला का ते वाकून पाहिलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आले. कळायला हवं होतं कसलं, कळलंच होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात सर खूष होते. म्हणाले, मी इतक्या गावांत गेलो, लोक दारं लावून घेतात, टाळतात, खोटं सांगतात. इथं एकही कुटुंब सुटलं नाही. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "यांना आपण सरकारी माणसं वाटत नाही ना?" मी म्हटलं, "नाही सर, सगळ्यांना ठाऊक आहे, कॉलेजची मुलं आहेत." तुम्ही तेव्हा त्यांच्यासाठी पाण्याची घागर घेऊन व्हरांड्याच्या कडेला उभे होतात. तुम्ही ऐकलंत. घागर ठेवलीत आणि गेलात.

सर आणि मुलं परत गेली. मी सुट्टीभर घरी राहून तक्ते करणार होते. फळी मांडीवर, कागदांची चळत शेजारी. त्याच आठवड्यात काष्टीच्या रस्त्यावर खडी फोडायचं सरकारी दुष्काळी काम निघालं होतं. आसपासच्या वाड्यांवरची माणसं पहाटेच चालत जाऊन नाव लावून यायची, मुकादम ज्याला समोर पाहील त्याला घेत होता. आपलं गाव मात्र गेलं नाही. दवंडीनं सांगितलं होतं ना, घर सोडून जाऊ नये. नावं लिहून झाली आहेत, अंगठे झाले आहेत, आता कामाची हाक येईल. लोक रोज सकाळी वेशीत येऊन उभे राहायचे आणि ऊन चढलं की घरी जायचे. आई मला हे पाण्याहून आल्यावर सांगायची. मी मान वर न करता ऐकायची. एकदा ती म्हणाली, "त्यास्नी कायतरी सांग की." मी म्हटलं, "सांगते." कुणाला, काय, कधी? मी रोज सकाळी ठरवायची की आज वेशीत जाऊन सांगायचं, आणि रोज एक तक्ता जास्त काढायची.

आठव्या की नवव्या दिवशी पंधरा-वीस जण तुम्हाला पुढं घालून काष्टीच्या कामावर गेले. तिकडे काय झालं ते तुम्ही कधी सांगितलं नाही, दुसऱ्यांकडून कळलं. मुकादम म्हणाला, कसली यादी, आपल्याकडं कुठली यादी आलेली न्हाई, आन आता मस्टर भरलं, पुढलं काम निघंल तवा या. तुम्ही त्याला म्हणे पुन्हा पुन्हा सांगत होतात, की दवंडी झालीया. तो म्हणाला, "मंग दवंडी देनाऱ्याला इचारा." तुम्ही त्याच्यापुढं उभे होतात, आबा. तिथून आठ मैल सगळे परत चालत आले.

भाऊसाहेब दुसऱ्या दिवशी आले. चावडीपुढं गाव जमलेलं. मलाही बोलावणं होतं, मी फळी छातीशी धरून पायरीवर उभी राहिले. भाऊसाहेब माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला होता.

"कुणाच्या हुकमानं दवंडी दिलीस?"

"माज्याच," तुम्ही म्हणालात.

"आणि शब्द कुणी दिले?"

"माजंच डोस्कं, भाऊसायेब."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग फळीकडे, त्यावरच्या स्वतःच्या जुन्या चिमट्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "अठरा वर्षं झाली मी तुला बघतोय. पदरचा शब्द तू कधी घातला नाहीस."

"औंदा घातला," तुम्ही म्हणालात.

आत्या पुढंच बसल्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "कोतवाल, तुमच्या बोलावर मी घर सोडलं न्हाई बरं का. सून म्हनत हुती जाऊ, तर मीच म्हनलं, दवंडी झालीया." एवढंच. तुम्ही खाली बघत होतात. माझ्या तोंडात शब्द आले होते, दातांपर्यंत आले होते, हे मी शपथेवर सांगते. पण शपथेला आता काय अर्थ आहे? मला डोळ्यांपुढं सर दिसत होते. पाहणीच खोटी ठरली तर अहवाल गेला, वर्ग गेला, तीन वर्षं गेली. आणि मग मी कोण होणार होते? तशीही कुणी होणार नव्हतेच, पण ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

वर तक्रार गेली असती तर तुमची कोतवाली गेली असती. भाऊसाहेबांनी मार्ग काढला. म्हणाले, तूच दवंडी दे, आधीची मागं घे. त्यांनी शब्द दोनदा वाचले. तुम्ही डोळे मिटून ऐकलेत, दुसऱ्या खेपेला तुमचे ओठ हलले. मी घरी पळाले. भर दुपार, गावात कुत्रंसुद्धा सावली सोडून हलत नाही, आणि हलगी वाजते आहे. चावडी. मारुती. वेस. "मागली दवंडी सरकारी न्हवती हो. ती कोतवालानं आपल्या मनानं दिलती. त्या नावांचा सरकारी कामाशी संबंध न्हाई हो." आवाज तोच, खणखणीत, एक शब्द गिळलेला नाही. आई चुलीपुढं बसली आहे, तवा रिकामा तापतो आहे. हलगी माळवाडीहून वळली, आपल्या बोळात आली. मी फळी मांडीवर ओढून बसले आहे. आणि आपल्या घरापुढं तुम्ही पंजा ठेवलात. नेहमीसारखे मुकाट आलात, हलगी खुंटीला लावलीत, आईकडे पाणी मागितलंत. प्यालात. मग माझ्या मांडीवरच्या कागदाकडे बघून विचारलंत, "लिवून झालं का?"

"होत आलंय," मी म्हटलं.

तुम्हाला वाचता येत नव्हतं म्हणून मी तो कागद झाकला नाही. त्यावर मी नुकतंच एक वाक्य लिहिलं होतं. 'गावकऱ्यांनी पाहणीस उत्स्फूर्त सहकार्य दिले.' सरांनी ते पुढं वर्गात वाचून दाखवलं. त्यांना ते फार आवडलं.

पाऊस पुढच्या वर्षी झाला. आत्या आणि सून भावाकडे पाटपाण्याच्या गावाला गेल्या होत्या, त्या परत आल्या. शेळ्या राहिल्या नव्हत्या. त्यानंतर तुम्ही दवंडी द्यायला निघालात की आत्या वेशीत उभ्या राहून विचारायच्या, "कोतवाल, ही सरकारचीच नव्हं?" त्यात टोमणा नव्हता. त्या खात्री करून घेत होत्या. टोमणा असता तर तुम्ही तो हसून पचवला असता. तुम्ही थांबून म्हणायचात, "व्हय आत्या, सरकारची," आणि पुढं जायचात. हळूहळू बाकीचेही विचारायला लागले. मी हे सुट्टीत आले की ऐकायची. ऐकून घरात जायची. यावर आता काहीच करता येण्यासारखं नाही, असं मला वाटायचं. तेव्हा ते खोटं होतं. आज खरं आहे.

मला दुसरा वर्ग मिळाला. नगरच्या सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवलं, कार्ड मिळालं, त्यावर शिक्के पडत राहिले. बी.एड.ला गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, तुमचा विषय शाळेत कुठं आहे? शिकवणार काय? समाजकल्याणच्या एका जागेची मुलाखत आली. खेड्यातल्या पाहणीचा अनुभव आहे का, त्यांनी विचारलं. आहे म्हटलं. लोकांनी सहकार्य दिलं? मी म्हटलं, उत्स्फूर्त. माझी जीभ अडखळली नाही. ती जागा मला मिळाली नाही. दर खेपेला घरी आले की तुम्ही विचारायचात, "मंग, काय झालीस?" त्यात दुखवायचा हेतू नसे, तुम्हाला गावात सांगायचं असायचं. शेवटी शेवटी तुम्ही लोकांना एवढंच सांगायचात, "शिकतीय अजून." छातीत पाणी झालं तेव्हाही डॉक्टरांना हेच सांगत होतात. तुम्ही गेलात त्यानंतर थोड्याच महिन्यांनी अकरावी-बारावीचे वर्ग कॉलेजांना जोडले गेले, हा विषय तिथं आला, आणि मी बाहेरून एम.ए. करून शेवटी लागले. मास्तरीणच झाले म्हणा. वसतिगृहातल्या मुलींचा अंदाज तेवढा चुकला.

मुलाखत तंत्राचं प्रकरण मी दरवर्षी शिकवलं. 'मुलाखत घेणाऱ्याने आपण कोण आहोत व कशासाठी आलो आहोत हे आधी स्पष्ट सांगावे.' फळ्यावर लिहायची, खाली रेघ मारायची, आणि मुलांना उतरवून घ्यायला सांगून खिडकीशी जाऊन उभी राहायची. मॅडम, यातून नोकरी लागेल का, असं मुलं विचारायची. मी पाठ केलेली यादी सांगायची. एकालाही हे सांगितलं नाही, की मला या शास्त्रातली सगळ्यात मोठी गोष्ट कळली ती चावडीच्या पायरीवर, आणि ती कळून मी गप्प राहिले. शेजारच्या पोरीलाही नाही सांगितलं. तिला म्हटलं, घे, चांगला विषय आहे. ती "मग काय होता येतं?" म्हणत उभीच होती.

आता ते गाळलेलं. त्या सकाळी हलगी तापवता तापवता तुम्ही विचारलं होतंत, "कालिजची मानसं येनार, आसं म्हनू?" मी म्हटलं, कॉलेजच्या माणसांसाठी या दिवसांत घरी कोण थांबेल? "मंग काय म्हनू?" मी शब्द दिले. भाऊसाहेब वाचतात तसे दोनदा दिले. घरटी नावं लिहून घेणार आहेत. कुणी घर सोडून जाऊ नये. तुम्ही डोळे मिटलेत, दुसऱ्या खेपेला तुमचे ओठ माझ्याबरोबर हलले. मग डोळे उघडून तुम्ही उभ्या आयुष्यात पहिल्यांदा एका हुकमावर प्रश्न विचारलात. "लोकं कामाची यादी समजत्याल. चालंल?" आणि मी म्हटलं, "समजू द्या. त्यात खोटं कुठं आहे?"

तुम्ही मला शिकलेली समजत होतात. म्हणून उठलात.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते फळीच्या चिमट्यात राहील. पण आजही ते तुम्हाला वाचून दाखवायला मधे कुणी माणूस लागणार असता, तर माझं ते शेवटचं उत्तर मी यातून गाळलं असतं.